ओल्या सपाता

१

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ब्रनोहून निघायचं, दुपारच्या आत ओलोमोउत्सला बाबांकडे पोचायचं आणि कोट काढायच्या आधीच बटाट्याच्या सॅलडवरून भांडण उकरून काढायचं, हा रादकाच्या माहेरचा जुना शिरस्ता. बाबा सॅलडमध्ये सफरचंद घालत आणि रादकाला ते खपत नसे. पूर्वी आई मध्ये पडून दोघांनाही गप्प करायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून भांडण लवकर संपायचं, कारण त्यात कुणालाच फारशी गोडी उरली नव्हती.

गेल्या वर्षी तेही झालं नाही. निम्म्या वाटेवर बर्फाने रस्ता बंद झाला आणि रादका नि तिचा नवरा दालिबोर यांनी नाताळची रात्र पेट्रोल पंपावर, यंत्रातली कॉफी पीत काढली. बाबांनी ती संध्याकाळ जन्मात पहिल्यांदा एकट्याने काढली. दुसऱ्या दिवशी फोनवर ते ठीक वाटले, पण "जेवलात का?" असं विचारल्यावर नुसते "जेवलो" म्हणाले नाहीत. "जेवलो, सोबत होती," असं म्हणाले. कोणाची, ते काही सांगेनात.

यंदा रादका लवकर निघाली होती आणि मनाशी ठरवून निघाली होती. बाबांना या खेपेला घेऊनच यायचं. पंचाहत्तरीला आलेला माणूस, गुडघ्यांनी दगा दिलेला, घर तिसऱ्या मजल्यावर, जिना दगडी आणि थंडीत निसरडा. एक दिवस पाय घसरायचा आणि मग आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसायचं, हे तिला नको होतं. दर महिन्याला ती विषय काढायची आणि बाबा दर महिन्याला तिला वाटाण्याच्या अक्षता लावायचे.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीये मी," गाडी लावताना दालिबोर म्हणाला. "आज उपास केला की संध्याकाळी सोन्याचं डुक्कर दिसतं म्हणतात. मला ते बघायचंच आहे."

"आरशात बघ. आणि वाटेत ती तीन बिस्किटं खाल्लीस, ती काय होती?"

"ते औषध होतं."

गल्लीत गुडघाभर बर्फ होतं. चौकातल्या कारंज्यांना थंडीसाठी लाकडी खोके घातलेले, ट्रामचे रूळ पार गाडले गेलेले. तिसऱ्या मजल्यावर बाबांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी मुलीकडे बघितलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघितलं.

"आलात? दोघंच ना?"

"मग काय वरात आणायची होती?" दालिबोर म्हणाला.

बाबा हसले, पण उशिरा. दाराशी नेहमीप्रमाणे घरात घालायच्या सपाता मांडून ठेवल्या होत्या. बाबांच्या, रादकाच्या, दालिबोरच्या. त्यांच्या पलीकडे आणखी एक जोड होता, जाड करड्या लोकरीचा. तो वर्तमानपत्रावर ठेवला होता आणि खालचं वर्तमानपत्र भिजून काळं पडलं होतं.

"या कोणाच्या हो?" रादकाने विचारलं.

"घरात जास्तीचा जोड लागतोच की. पाहुण्यांना."

"ओल्या कशा?"

"बर्फातून आणल्या असतील," बाबा म्हणाले आणि आत गेले.

घरातल्या सपाता कोणी बर्फातून आणत नाही. रादकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे, अंगावरचा कोट निघायच्या आत.

२

घर चकचकीत होतं. एवढ्यानेच कोणाही मुलीला संशय यावा. बाबा जन्मभर शाळेत भूगोल शिकवत होते आणि नकाशे सोडले तर त्यांना कोणतीही गोष्ट जागच्या जागी ठेवता येत नसे. आज टेबलावर पांढरी कडक चादर होती, खिडकीत मेणबत्त्या होत्या, सॅलड तयार होतं. आणि टेबलाला चार खुर्च्या लावलेल्या होत्या.

चार खुर्च्यांचं रादकाला नवल वाटलं नाही, पण बाबांनी त्या लावाव्यात याचं वाटलं. नाताळच्या जेवणाला माणसं समसंख्येने बसवायची. विषम बसली तर पुढच्या नाताळपर्यंत त्यातलं एक कमी होतं. आणि एकदा बसलं की सगळ्यांचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही. जो उठला तो पुढच्या वर्षी टेबलाशी नसतो. हे सगळं आईचं. ती काटेकोरपणे पाळायची आणि बाबा तिची टर उडवायचे. सुपाच्या मधेच मुद्दाम उठल्यासारखं करायचे आणि आई डोळे वटारून ओरडायची, "ओताकार, बूड खाली!"

आई गेली त्या नाताळला सम करायला म्हणून खालच्या मजल्यावरच्या मालिनोवाबाईंना बोलावलं होतं.

"मालिनोवाबाईंना सांगितलंत का?" रादकाने विचारलं.

"कशाला?"

"तिघंच आहोत ना आपण."

"काही गरज नाही," बाबा म्हणाले आणि कांदा चिरू लागले. कांद्यासाठी एवढं वाकून बसायची जरुरी नव्हती.

हात धुवायला ती बाथरूमकडे गेली. दार बंद होतं. संडास वेगळा, त्यामुळे अडत काही नव्हतं, पण दाराला कुलूप म्हणजे अतीच झालं.

"बाबा, किल्ली?"

"स्वयंपाकघरात धू. टबात मासा आहे. दार उघडलं की घाबरतो."

तेही ठीक. आठ दिवस आधी चौकातल्या निळ्या टाक्यांमधून जिवंत कार्प आणायचा, टबात ठेवायचा, तोवर घरातल्यांनी अंघोळीला शेजारी जायचं, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. एका वर्षी तर तिने त्याचं नाव ठेवलं होतं आणि मग सबंध संध्याकाळ रडून काढली होती. पण स्वयंपाकघरात ओट्यावर परातीत कार्पच्या तुकड्या मीठ लावून ठेवलेल्या होत्या, आणि कचऱ्याच्या डब्यात त्याचं डोकं तोंड उघडं टाकून पडलं होतं.

"मासा तर हा आहे."

"तो दुसरा."

"दोन आणलेत?"

"एक मालिनोवाबाईंसाठी. त्यांचा टब गळतो."

बंद दाराआड पाणी डुचमळलं. मासा शेपटीने पाणी उडवतो तेव्हा फटकन आवाज येतो. हा तसा नव्हता. कोणीतरी आरामात पाण्यात कूस बदलावी तसा होता. रादका क्षणभर दाराला कान लावून उभी राहिली. आत सगळं शांत झालं. तिला असं वाटलं की आतूनही कोणीतरी कान लावलाय, आणि या विचाराचा तिला स्वतःचाच राग आला.

३

मालिनोवाबाई तीनच्या सुमारास घरच्या बिस्किटांची ताटली घेऊन वर आल्या. बाबा तेव्हा दालिबोरला घेऊन खाली चौकात पंच, म्हणजे मसाल्याची गरम दारू, प्यायला गेले होते. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"तुमचा मासा आणून ठेवलाय बाबांनी," रादका म्हणाली.

"माझा? मी कार्प खाऊन वीस वर्षं झाली. घशात काटा अडकला होता, दवाखान्यात नेलं होतं मला. तुझ्या बाबांनीच नेलं होतं!"

"आणि तुमचा टब?"

"त्याला काय धाड भरलीय? गळतं ते तुमचं, माझ्या डोक्यावर. ये बघायला. बाथरूमच्या छतावर हा एवढा ओला डाग. वर्षभर झालं. सांगून सांगून जीभ झिजली माझी. तुझे बाबा म्हणतात, बघतो." बाईंनी आवाज उतरवला. "रादका, तू माझ्या मुलीसारखी आहेस म्हणून सांगते. तुझ्या बाबांकडे कोणीतरी असतं."

"कोण?"

"ते मला विचारू नकोस. मी काही जिन्यात पहारा देत नाही." त्या नक्कीच देत असणार. "पण संध्याकाळी बोलतात ते. बोलतात, थांबतात, हसतात. फोन नाही तो. फोनवर माणूस ओरडतो. आणि टबात पाणी सोडायचा आवाज, रोज. एवढ्या अंघोळी कोण करतं गं? म्हातारा माणूस तर नाहीच."

"बाई आहे?"

"मला तर वाटतं आहे. बायको मेलेल्या म्हाताऱ्यांच्या घरात शिरतात हल्ली असल्या बायका. घराच्या कागदांवर सह्या होईपर्यंत सूप करून घालतात आणि मग म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात."

"तुम्ही पाहिलंय तिला?"

मालिनोवाबाईंनी तिच्या खांद्यावरून दाराशी ठेवलेल्या सपातांकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पाहिलं नाही, तेच तर. येताना नाही, जाताना नाही." आणि ताटली तिच्या हातात देऊन वयाला न शोभणाऱ्या वेगाने जिना उतरून गेल्या.

म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतंच. रादकाला भीती वाटली नाही, संताप आला. ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती आणि असल्या गोड बोलून म्हाताऱ्यांची औषधं न्यायला येणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या. तिने कपाट उघडलं. आईचे कपडे होते तसे. परका कंगवा नाही, लांब केस नाही, अत्तराचा वास नाही, दुसरी उशी नाही. कोणत्याही बाईला मागे इतकं काहीच न ठेवता एखाद्या घरात राहता येणार नाही.

दमून ती टेबलाशी बसली, खिडकीजवळच्या चौथ्या खुर्चीवर, आणि लगेच उठली. खुर्चीची गादी आतपर्यंत ओली होती. स्कर्टमधून गारठा मांडीला लागला. तिने हात लावून वास घेतला. वास कसलाच नव्हता. नुसतं पाणी, विहिरीचं असतं तसं गार.

दार वाजलं. बाबा आले होते, थंडीने लाल झालेले.

"तिथे नको बसूस," ते दारातूनच म्हणाले.

"का?"

"ती जागा दिलेली आहे."

४

पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. ढग होते, चांदणी काही दिसली नाही, तरी अंधारल्याबरोबर बाबांनी घाई केली. चार ताटं मांडली. प्रत्येक ताटाखाली कार्पचा एक खवला ठेवला, पैसा टिकावा म्हणून वर्षभर पाकिटात ठेवायला. चौथ्या ताटाखालीही ठेवला आणि तो बोटाने नीट मध्यावर सरकवला.

"सासरेबुवा, आता तरी सांगा," दालिबोर म्हणाला. पंच त्याच्या डोक्यात थोडी चढली होती. "कोण येणार आहे? सुंदर आहे का? निदान स्वयंपाक येतो का?"

"बसा आधी."

"आईचं ताट आहे का ते?" रादकाने विचारलं. तिला मनापासून वाटत होतं की बाबांनी हो म्हणावं. हो म्हणाले असते तर ती रडली असती आणि सगळं तिथेच मिटलं असतं.

"क्वेताचं नाही," बाबा म्हणाले. "क्वेता असती तर मी एवढा…" आणि पुढचं गिळून त्यांनी सूप वाढायला घेतलं. "गेल्या वर्षी तुम्ही आला नाहीत. मी एकटाच बसलो. चमचा उचलला आणि एकदम क्वेता डोक्यात आली. एकटा, म्हणजे विषम. मी जन्मभर हसलो त्या गोष्टीला. पण एकट्या माणसाला हसू येत नाही. मालिनोवाबाई भावाकडे गेल्या होत्या. खालची, समोरची, सगळी दारं बंद. मी जिन्यात उभा राहिलो आणि हाक मारली. म्हटलं, कोणी उपाशी असेल तर या, जागा आहे."

"मग?"

"मग काय. सूप निवतंय, जेवा."

त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि मोठा दिवा मालवला. तिघं बसले. दालिबोर आणि बाबा एका बाजूला, त्यांच्या समोर रादका, आणि रादकाच्या डाव्या हाताला रिकामी खुर्ची. बाहेरच्या खोलीचं दार तिच्या पाठीशी होतं.

दोन-तीन चमचे झाले असतील. बाथरूममध्ये पाणी हललं.

"मालिनोवाबाईंचा मासा फारच धष्टपुष्ट दिसतोय," दालिबोर म्हणाला.

कोणी हसलं नाही. कारण त्यानंतर आला तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. भरल्या टबातून माणूस उठून उभा राहतो तेव्हा अंगावरचं पाणी एकदम खाली कोसळतं, मग धारा, मग थेंब. त्या आवाजात चूक होऊच शकत नाही. रादकाला आधी सुटल्यासारखं झालं. बाई आहे! लपवून ठेवलेली का असेना, हाडामांसाची बाई आहे. तिने नॅपकिन टेबलावर टाकला आणि उठायला हात टेकले. आता त्या बयेला टॉवेल नेऊन द्यावा आणि तोंडावर विचारावं, कोण गं तू?

बाबांनी टेबलावरून तिचं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड अशी की हाड दुखलं.

"बूड खाली," ते म्हणाले. आईचे शब्द होते, पण ओरडले नाहीत ते, नुसते पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "रादका, पोरी, तुला माझी शपथ आहे. उठू नकोस. आत्ता तिघं आहोत."

ती बसली. कुलूप उघडल्याचा आवाज आला नाही. दार करकरलं नाही. बाहेरच्या खोलीत मात्र भिजलेली लोकर फरशीवर पडावी तसं फच्च वाजलं. मग थांबून पुन्हा. पाय उचलायची सवय नसलेलं कोणीतरी सावकाश येत होतं. तिच्या पाठीमागे येऊन ते थांबलं. तिच्या मानेवरचे केस गारठले.

मागे वळून बघायला काय हरकत होती? नियम उठण्याबद्दल होता, वळण्याबद्दल नव्हता. रादकाने पुढे अनेकदा स्वतःला हे विचारलं. पण त्या वेळी तिने सुपाकडे बघितलं. सुपात गाजराचा एक तुकडा होता. तिने तो तुकडा असा निरखला की आजही तिला त्याचा आकार काढून दाखवता येईल.

डावीकडची खुर्ची सरकली. बाबांनी चौथ्या ताटात सूप वाढलं आणि एकदम मोठ्याने, खोट्या उत्साहाने शाळेतल्या गमती सांगायला सुरुवात केली. कोणता मुलगा नकाशात ब्राझील शोधताना कसा भिंतीवर जाऊन आदळला, कोणत्या इन्स्पेक्टरच्या टोपीत काय सापडलं. रादकाने शे-दोनशे वेळा ऐकलेल्या गमती. ती हसली. हसणं भाग होतं. तिच्या कोपराशेजारी पांढऱ्या चादरीवर एक ओला डाग उमटला आणि हळूहळू पसरत तिच्या ताटाच्या कडेपर्यंत आला. कोणीतरी तिथे हात टेकला होता.

दालिबोर समोर बसला होता. बघितलं असेल तर त्यानेच. पण तो मान खाली घालून खात होता, उपाशी माणसासारखा, भरभर. एकदाच त्याने मान न उचलता मिठाची बरणी उचलली आणि चौथ्या ताटापाशी ठेवली.

५

"तू मीठ कुणाला दिलंस?" झोपायच्या खोलीत गेल्यावर तिने विचारलं.

"मागितलं म्हणून दिलं."

"कोणी मागितलं?"

दालिबोरने पायमोजा काढून हातात धरला. "तूच ना?" तो म्हणाला. आणि मग, "ती पंच फार कडक होती. बाबांचं डोकं ठिकाणावर नाहीये, रादका, आणि पाइप फुटलेत. बाकी काही नाही. झोप."

त्याने दिवा मालवला नाही. तिनेही सांगितलं नाही.

सकाळी उजाडल्यावर बाहेर चर्चच्या घंटा वाजत होत्या, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं आणि बाथरूमचं दार सताड उघडं होतं. रादका आत गेली. उजेडात माणसाची अक्कल परत येते. तिने ठरवलं होतं की भरलेला टब असणार, त्यात एक मोठा कार्प असणार आणि आपण पोट धरून हसणार.

टब कोरडा होता. आत्ता रिकामा केल्यासारखा नव्हे, कित्येक महिन्यांत पाणी न पाहिल्यासारखा. तळाला धुळीचा थर होता. तिने नळ फिरवून बघितला. तो गंजून घट्ट बसला होता.

स्वयंपाकघरात बाबा उभे होते. तिला बघताच त्यांनी तिथला नळ पूर्ण सोडला आणि धारेच्या आवाजाआड तोंड तिच्या कानाशी आणलं.

"मला इथून ने," ते म्हणाले.

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी ती हात धुऊन मागे लागली होती ते हे वाक्य. आणि ते असं यावं!

"मग आधी का नाही म्हणालात? फोनवर का नाही सांगितलंत?"

"फोनवर ऐकतं ते. शेजारी येऊन बसतं. एकदा जेवायला बोलावलं होतं मी, रादका, एकदाच. पण जा म्हणायला जमलं नाही. घरी आलेल्याला जा कसं म्हणायचं? आधी वाटायचं, सोबत आहे. नंतर…" त्यांनी चेहरा पुसला. "ते झोपू देत नाही. पलंगाच्या कडेला बसतं नि सगळा पलंग भिजतो. सकाळी हात लावावा तर कोरडा."

रादकाने त्यांना जवळ घेतलं. त्यांची हाडं हाताला लागली. आपला बाप इतका हलका कधी झाला हे तिला कळलंच नव्हतं, आणि तिला स्वतःचं रडू आवरेना.

"आत्ता निघू," ती म्हणाली. "पण ते…"

"मी विचार केलाय," बाबा म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्यात जुना मास्तर दिसला. "जिन्यात हाक मारली, जिन्यातून आलं. ते या इमारतीचं आहे. घंटा वाजतात तेव्हा त्याची चाहूल नसते. आता दुपारच्या घंटा वाजल्या की निघायचं. बोलायचं नाही. निरोप घ्यायचा नाही. 'येतो' तर म्हणायचंच नाही. आणि दार लोटताना 'चला' म्हणू नकोस कोणाला. आपण नेहमी म्हणतो ना, सवयीने, तसं."

६

दालिबोरने वाद घातला नाही, यावरूनच काय ते कळत होतं. एरवी तो सासऱ्याच्या घरातून उरलेलं सॅलड डब्यात भरल्याशिवाय हलला नसता. दोन पिशव्या त्याने खाली नेऊन डिकीत टाकल्या, बर्फ झाडून गाडी सुरू ठेवली आणि वर आला.

घंटा सुरू झाल्या. आधी टेकडीवरच्या मोठ्या चर्चच्या, मग चौकातल्या, मग सगळ्या गावभर. बाबांनी कोट घातला, टोपी घातली. घराकडे त्यांनी वळून बघितलं नाही. चाळीस वर्षं राहिले होते तिथे, तिथेच त्यांची बायको गेली होती, आणि ते चोरासारखे चवड्यांवर बाहेर पडले. रादकाने दार ओढून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर मालिनोवाबाईंचं दार फटीएवढं उघडलं.

"निघालात? सगळे?" त्या म्हणाल्या.

बाबांनी घाबरून ओठांवर बोट ठेवलं. बाईंनी मान डोलावली. पण त्या तिघांकडे बघून झाल्यावरही त्यांची नजर तशीच राहिली, जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर, आणि मग त्यांनी दार लावून घेतलं. आतून साखळी लावल्याचा आवाज आला.

"काय बघितलं तिने?" जिन्यातून बाहेर पडल्यावर दालिबोरने कुजबुजत विचारलं.

"ती नेहमीच आगाऊ आहे," बाबा म्हणाले. बर्फात पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी असा श्वास सोडला की आजूबाजूला वाफच वाफ झाली.

७

बाबांना गुडघे लांब करता यावेत म्हणून पुढे बसवलं. रादका मागे बसली, दालिबोरच्या पाठीशी. शेजारची सीट रिकामी होती. तिने बसायच्या आधी हात फिरवून बघितला. कोरडी होती.

गावातून गाडी गोगलगाईसारखी चालली होती. चौकात पोरं बर्फाचे गोळे फेकत होती. एक गोळा काचेवर आपटला आणि बाबा दचकून मग मोकळेपणी हसले. वर्षभरात तिने ते हसू ऐकलं नव्हतं.

"कोणती खोली द्याल मला?" त्यांनी विचारलं. "सकाळचं ऊन येणारी असेल तर बरं. आणि पलंग भिंतीला लावू नका. नाही तर लावा. लावलेलाच बरा. आज मी झोपणार आहे बघ, रादका. उद्या दुपारपर्यंत उठवू नकोस."

"नाही उठवणार."

गाव संपलं. हमरस्ता साफ केलेला होता. दालिबोरने वेग घेतला आणि गाडीत टूं टूं टूं असा आवाज सुरू झाला.

"रादका, पट्टा," दालिबोर म्हणाला.

तिने पट्टा लावलेला होता. तिने खाली बघून खात्री केली. दालिबोरने स्टीअरिंगमागच्या दिव्यांकडे बघितलं आणि मग आरशातून तिच्याकडे. तिला पुढच्या दोन सीटांमधून दिसत होतं. मागच्या सीटचं चित्र होतं, आणि लाल दिवा तिच्या जागेवर नव्हता. तिच्या शेजारी होता. ही गाडी गावात हळू चालताना गप्प असते आणि वेग घेतला की ओरडते. म्हणजे हे आत्ता बसलेलं नव्हतं.

टूं टूं टूं.

"काय वाजतंय?" बाबांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण टोपीखाली त्यांची मान ताठ झालेली तिला दिसली. त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. ते वळून बघणार होते.

"माझी पिशवी," रादका म्हणाली. स्वतःचा आवाज इतका सहज निघाल्याचं तिला नवल वाटलं. "सीटवर ठेवलीय. वजन लागतं तिचं. तुम्ही नका वळू बाबा, मान दुखेल. मी लावते पट्टा."

दोन्ही पिशव्या डिकीत होत्या. दालिबोरनेच टाकल्या होत्या. आरशात त्याचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले आणि रस्त्याकडे वळले.

त्या सीटचा पट्टा पलीकडच्या दाराशी होता. तिथवर पोचायला तिला रिकाम्या जागेवरून आडवा हात न्यावा लागणार होता. तिने नजर समोर, बाबांच्या टोपीवर ठेवली आणि हात नेला. अर्ध्या वाटेत तिची बाही जड झाली. पाणी कोपरापर्यंत चढलं, विहिरीचं असतं तसं गार. तिने पट्ट्याचं टोक पकडलं आणि ओढलं. रिकाम्या सीटला लागेल त्याहून जास्त ओढावं लागलं, मग आणखी, कारण मध्ये काहीतरी होतं आणि त्याला वळसा घालून यावं लागत होतं. खटकन आवाज झाला. पट्टा अडकला. टूं टूं थांबलं.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

त्यांची मान सैल पडली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, काचेला डोकं टेकलं, आणि थोड्या वेळात त्यांना झोप लागली. चांगली, घोरणारी झोप. रादका ते घोरणं ऐकत राहिली. बाबांना हे कधीच कळू द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

मग तिने शेजारी बघितलं. सीट रिकामी होती. पट्टा मात्र सीटच्या पाठीला चिकटलेला नव्हता. तो हवेत, गोलाई धरून, पुढे तरंगत होता. सावकाश वर होत होता आणि सावकाश खाली होत होता. मग तो तिच्या बाजूला कलला आणि कोणीतरी खांद्यावर डोकं टेकावं तसा तिचा खांदा भिजत गेला.